शेंगदाणा, करडई, तिळाचं तेल घाऊक कसं घ्यायचं? (फूड युनिटसाठी)

व्हिडिओत वेळ कमी असतो, आकडेमोड पटपट निघून जाते. म्हणून तेलखरेदीचा सगळा भाग इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, कॅल्क्युलेटरही जवळ ठेवा.

आधी हे कोणासाठी आहे ते सांगतो. तुम्ही चिवडा, शेव, चकली, लोणचं, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी असं काही बनवता आणि पाकिटावर अभिमानाने लिहिता, "शुद्ध शेंगदाणा तेलात बनवलेले" किंवा "लाकडी घाण्याच्या तेलातले". हे वाक्य लिहिलं की तुम्ही पामतेलात तळणाऱ्या स्पर्धकापेक्षा किलोमागे चार पैसे जास्त मागू शकता. गिऱ्हाईक देतंही. पण त्याच वाक्याने तुमच्यावर जबाबदारी येते. उद्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने नमुना उचलला किंवा एखाद्या मोठ्या दुकानदाराने तपासणी अहवाल मागितला, तर पाकिटावर नाव असलेलं तेलच आत आहे हे तुम्हाला दाखवून देता आलं पाहिजे. तेलवाल्याने फसवलं असेलही, पण पाकिटावर नाव तुमचं असतं.

घटकांच्या यादीत नुसतं "खाद्यतेल" लिहून चालत नाही, हेही लक्षात घ्या. लेबलिंगच्या नियमाप्रमाणे कुठलं तेल ते नावानिशी लिहावं लागतं. म्हणजे शेंगदाणा तेल महागलं म्हणून दोन महिने पामोलिन वापरलं आणि पाकिटं जुनीच संपवली, तर तो चुकीच्या लेबलचा माल झाला. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्यासाठी ३ लाखांपर्यंत दंड आहे.

त्यामुळे तेल खरेदी करताना स्वस्त कोण देतो हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, माझ्या मालाला कुठलं तेल लागतं?

तेल आणि माल यांची जोडी

समजा सोलापूरच्या एका ताई तीन वस्तू बनवतात: पातळ पोह्यांचा चिवडा, जवसाची चटणी आणि लिंबाचं लोणचं. तिन्हीला एकच तेल घ्यावं का? घाऊक भाव मिळेल म्हणून तसा मोह होतो.

चिवडा दुकानात दोन-तीन महिने राहणार. म्हणजे खवट न होणारं तेल हवं. शेंगदाणा तेल त्यासाठी बरं. करडईचं तेल आपल्या मराठवाडा-सोलापूर पट्ट्यातलं, चवीला हलकं, लोकांना आवडतं. पण नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्लाचं प्रमाण खूप जास्त असतं आणि असं तेल हवेशी लवकर बिघडतं. दोन-तीन दिवसांत खपणाऱ्या ताज्या मालाला करडई चालेल, तीन महिने टिकवायच्या चिवड्याला मी घेणार नाही. करडईच्या आणि सूर्यफुलाच्या काही वाणांत ओलिक आम्ल जास्त असतं, त्यांचं तेल टिकाऊ असतं. पण तसं तेल मिळालं तर त्याचा कागद मागा, तोंडी शब्दावर जाऊ नका.

जवसाचं तेल तर याहून नाजूक. ते तळणाला नाहीच. चटणीत वरून घालायचं, तेही लहान बाटल्यांत आणून. तिळाच्या तेलात मुळातच खवटपणा रोखणारे घटक असतात, त्यामुळे लोणच्याला ते छान जमतं, पण महाग पडतं. मोहरीचं तेल वापरणार असाल तर लक्षात ठेवा, ८ जून २०२१ पासून मोहरीच्या तेलात दुसरं कुठलंही तेल मिसळून विकायला बंदी आहे. "मोहरी ब्लेंड" असं कोणी देत असेल तर तिथून निघा.

तळणासाठी आणखी एक. घाण्यावरचं न गाळलेलं तेल वासाला कितीही सुंदर असलं, तरी त्यात गाळ, चिकट घटक आणि ओलावा राहतो. कढईत ते फेसाळतं आणि लवकर काळं पडतं. तळायला नीट स्थिरावलेलं, फिल्टर केलेलं तेल घ्या. घाण्याचं ताजं तेल फोडणीला, चटणीला, जिथे त्याचा वास गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतो तिथे वापरा. पैसा तिथे वसूल होतो.

डबा किलोचा की लिटरचा?

इथे सगळ्यात जास्त लोक गंडतात. बाजारात १५ किलोचा डबा असतो आणि १५ लिटरचाही असतो. दिसायला जवळजवळ सारखे. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर शेंगदाणा तेल साधारण ०.९१ किलो भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३.६५ किलोच तेल आहे.

आता हिशोब करा. भाव समजण्यापुरते धरलेत, आजचा बाजारभाव म्हणून घेऊ नका. पहिला व्यापारी १५ किलोचा डबा २,७०० रुपयांना देतो. दुसरा १५ लिटरचा डबा २,५५० ला. दीडशे रुपये वाचले म्हणून आपण दुसऱ्याकडे जातो. पण पहिला पडला १८० रुपये किलो. दुसरा? २,५५० भागिले १३.६५, म्हणजे जवळजवळ १८७ रुपये किलो. महिन्याला ३०० किलो तेल लागत असेल तर "स्वस्त" डब्याने तुमचे दोन हजारांच्या वर गेले.

म्हणून प्रत्येक कोटेशन आधी किलोच्या भावात आणा. त्यातही चार गोष्टी विचारा: जीएसटी धरून की वगळून, गाडीभाडं कोणाचं, हमाली कोणाची आणि उधारी किती दिवसांची. खाद्यतेलावर ५ टक्के जीएसटी आहे. तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल तर तो परत मिळत नाही, तुमच्या खर्चातच धरा. आणि पंधरा दिवसांची उधारी देणारा व्यापारी ती फुकट देत नाही. रोखीचा भाव वेगळा विचारा, फरक ऐकून कधीकधी डोळे उघडतात.

घाण्याचं तेल इतकं स्वस्त कसं?

व्हिडिओत मी म्हटलं होतं की लाकडी घाण्याच्या तेलाचा भाव घरबसल्या तपासता येतो. तो असा.

शेंगदाण्यात तेल साधारण ४५ ते ४८ टक्के असतं, पण लाकडी घाण्यावर ते सगळं निघत नाही. उतारा ४० टक्क्यांच्या आसपास धरा. १०० किलो दाणे घातले की ४० किलो तेल, आणि ५६ किलोच्या आसपास पेंड. दाणे १२० रुपये किलो धरले तर १२,००० रुपये झाले. पेंड ४० रुपयांनी विकली तर २,२४० परत आले. राहिले ९,७६०. वीज, मजुरी, घसारा मिळून दाण्याच्या किलोमागे ८ रुपये धरू, म्हणजे ८००. एकूण १०,५६०. भागिले ४०. तेल पडलं २६४ रुपये किलो, आणि यात घाणेवाल्याचा एक रुपयाही नफा नाही.

मग त्याच दिवसात कोणी "लाकडी घाण्याचं, एकदम प्युअर" म्हणून १८० रुपये किलोने तेल देत असेल तर काय समजायचं? एकतर ते घाण्याचं नाही, किंवा शेंगदाण्याचं नाही. भांडायची गरज नाही. तुमच्या गावातला दाण्याचा आणि पेंडीचा आजचा भाव घाला आणि हा हिशोब त्याच्यासमोर करा.

एक्सपेलरवर उतारा जास्त मिळतो आणि पेंडीत उरलेलं तेलही पुढे सॉल्व्हंटने काढून घेतात, त्यामुळे कारखान्याचं फिल्टर्ड किंवा रिफाइंड शेंगदाणा तेल घाण्यापेक्षा स्वस्त असणं स्वाभाविक आहे. त्यात फसवणूक नाही. फक्त मग पाकिटावर "लाकडी घाणा" लिहू नका.

करडईचा उतारा याहून बराच कमी असतो. बियाच्या वजनात टरफलाचा वाटा मोठा. त्याचा हिशोब वेगळा मांडावा लागतो, शेंगदाण्याचा आकडा तिथे लावू नका.

स्वतः दाणे विकत घेऊन घाणेवाल्याला फक्त गाळायची मजुरी द्यायची, हाही चांगला मार्ग आहे. नमुना कळतो, पेंड आपली. पण मग दाणे निवडण्याचं कामही आपलं. बुरशीचे, काळे, सुरकुतलेले दाणे गेले तर अफ्लाटॉक्सिन तेलात उतरू शकतं. रिफाइंडच्या प्रक्रियेत ते बरंचसं निघून जातं, घाण्याच्या तेलात ती सोय नाही. आणि घाणेवाल्याकडे एफएसएसएआयचा परवाना हवाच, गाळणी तुमच्या दाण्यांची असली तरी.

कागद

हा भाग कंटाळवाणा वाटतो, मला माहीत आहे. पण अडचण आली की हेच उपयोगी पडतं.

पुरवठादाराचा एफएसएसएआय नंबर १४ अंकी असतो. १ ने सुरू होत असेल तर लायसन्स, २ ने असेल तर नुसती नोंदणी. फॉसकॉस पोर्टलवर नंबर टाकून परवाना चालू आहे का आणि तो कशासाठी आहे ते बघा. उत्पादक आहे, रिपॅकर आहे की फक्त व्यापारी? बरेच जण टँकर आणून डबे भरतात. त्यात गैर काही नाही, पण मूळ गिरणी कुठली हे त्यांना सांगता आलं पाहिजे.

मग पक्कं बिल. कायद्याच्या कलम २६ मध्ये म्हटलंय की पुरवठादाराने मालाच्या दर्जाची लेखी हमी द्यायला हवी, आणि त्याने दिलेलं बिल हीसुद्धा हमीच धरली जाते. म्हणजे बिलावर "शेंगदाणा तेल फिल्टर्ड, १५ किलो, बॅच नंबर अमुक" असं आलं, तर उद्या तेलात भेसळ निघाल्यावर तुमच्या हातात काहीतरी आहे. "तेल २० डबे" असं कच्च्या चिठ्ठीवर असेल तर हातात काहीच नाही. कच्च्या बिलात किलोमागे पाच रुपये वाचतात म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, नमुना नापास झाला तर दाखवणार काय?

तिसरा कागद म्हणजे बॅचचा तपासणी अहवाल. व्यापारी याला सीओए म्हणतात. तो मिळाला की फाइलला लावून विसरू नका, वाचा. शेंगदाणा तेलासाठी मुख्य आकडे थोडेच आहेत. अ‍ॅसिड व्हॅल्यू ६ च्या वर नको. हे कमाल बंधन आहे, चांगलं ताजं तेल त्याच्या बरंच खाली असतं. रिफाइंडमध्ये तर ती अगदी थोडी हवी. आयोडीन व्हॅल्यू ८५ ते ९९. बेलियर चाचणीचं तापमान ३९ ते ४१ अंश. आर्जिमोन तेलाची चाचणी निगेटिव्ह. पेरॉक्साइड व्हॅल्यूवरून तेल हवेने किती बिघडलंय ते कळतं. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात रिफाइंडला १० आणि घाण्याच्या तेलाला १५ पर्यंत मुभा आहे. पण टिकाऊ माल बनवायचा असेल तर येतानाच ८-१० असलेलं तेल घेऊन तीन महिन्यांची तारीख छापू नका.

आयोडीन व्हॅल्यूबद्दल एक मुद्दा, कारण इथे हुशार लोक खेळतात. पामोलिनची आयोडीन व्हॅल्यू शेंगदाण्यापेक्षा बरीच कमी, सरकीच्या तेलाची त्याहून जास्त. नुसतं पामोलिन मिसळलं तर आकडा खाली येतो आणि पकडला जातो. दोन्ही बेताने मिसळली तर सरासरी ८५ ते ९९ च्या आत बसू शकते. म्हणून एका आकड्यावर विश्वास ठेवू नका. शंका असेल तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत फॅटी अ‍ॅसिड प्रोफाइल करून घ्या. शेंगदाणा तेलात बेहेनिक, लिग्नोसेरिक अशी लांब साखळीची आम्लं थोडी पण ठळक असतात, पामोलिन आणि सरकीत ती नावापुरतीच. मिश्रण केलं की त्यांचं प्रमाण घसरतं.

आणि हो, ती फ्रिजची चाचणी. "डबी फ्रिजमध्ये ठेवा, गोठलं तर भेसळ." शुद्ध शेंगदाणा तेलसुद्धा फ्रिजमध्ये गढूळ होतं, गोठतं. खोबरेल तर खोलीतही २४ अंशांच्या खाली गोठतं. या चाचणीवरून पुरवठादाराशी वाद घालू नका, हसं होईल.

माल उतरवून घेताना

गाडी आली की घाई असते. तरी दहा मिनिटं काढा. डब्याचं सील, झाकण, बॅच नंबर, तारीख बिलाशी जुळवा. एक डबा काट्यावर ठेवा. रिकाम्या डब्याचं वजन वजा करून तेल किती ते बघा. एक डबा फोडून वास घ्या. तळातलं थोडं तेल काचेच्या ग्लासात घेऊन गाळ बघा. दोन पळ्या तेल छोट्या कढईत तापवा. तडतडलं तर ओलावा आहे.

मग प्रत्येक बॅचचं पाव लिटर तेल दोन स्वच्छ कोरड्या बाटल्यांत काढून घ्या. बॅच नंबर आणि तारीख लिहा, जमल्यास ड्रायव्हरची सही घ्या, आणि अंधाऱ्या थंड जागी ठेवा. किती दिवस? त्या तेलातून बनलेल्या शेवटच्या पाकिटाची तारीख संपेपर्यंत. तक्रार आली तर तेल खराब होतं की आपलं पॅकिंग, हे या बाटलीवरून ठरतं.

उत्पादनाच्या वहीत एक रकाना वाढवा: आज कुठल्या बॅचचं तेल वापरलं. एवढं केलं तर एका डब्यासाठी पूर्ण महिन्याचा माल परत बोलवायची वेळ येत नाही.

किती घ्यायचं?

पिंपाचा भाव डब्यापेक्षा चांगला मिळतो. २०० लिटरच्या पिंपात साधारण १८२ किलो तेल. रोज १२ किलो लागत असेल तर पंधरा दिवसांत संपतं, बिनधास्त घ्या. पण रोज २ किलो लागत असेल तर तेच पिंप तीन महिने उघडं राहणार. अर्धं रिकामं पिंप म्हणजे अर्धं हवेने भरलेलं पिंप. रोज झाकण उघडायचं, रोज नवी हवा आत. शेवटच्या महिन्याचं तेल तुमच्या चिवड्यात जातानाच थकलेलं असतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, "यावेळी वास येतोय." माझा ठोकताळा असा: उघडलेलं भांडं पंधरा-वीस दिवसांत संपलं पाहिजे. जवसाच्या तेलाला आठवडा. तेवढं संपत नसेल तर लहान डबे घ्या, भाव थोडा जास्त पडला तरी.

साठवण उन्हापासून आणि भट्टीपासून लांब, जमिनीला न टेकता फळ्यांवर. तांब्या-पितळेची भांडी, पंप, तोट्या तेलाला लावू नका. या धातूंनी तेल लवकर खवट होतं. स्टीलचं वापरा. आधी आलेला डबा आधी वापरायचा, हे तर घरच्या तांदळालाही लागू आहे.

भाव कधी पाडून मिळतो? खरिपाचा शेंगदाणा ऑक्टोबर-नोव्हेंबरला बाजारात येतो, त्यानंतर नव्या हंगामाचं तेल मिळतं. आपली सगळ्यात मोठी मागणी मात्र श्रावण ते दिवाळी, म्हणजे जुना हंगाम संपत आलेला असताना. त्यात सरकारी निर्णयाचा धक्का वेगळाच. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं आयात शुल्क सेस धरून ५.५ वरून २७.५ टक्के झालं, रिफाइंडचं १३.७५ वरून ३५.७५. दिवाळी तेव्हा दीड महिन्यावर होती. ज्यांनी फराळाच्या ऑर्डर जुन्या भावात घेऊन ठेवल्या होत्या त्यांचं गणित तिथे बिघडलं. पुढे ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं शुल्क १६.५ वर आलं. शेंगदाणा तेल आपल्याकडेच तयार होतं, पण सगळी तेलं एकमेकांच्या मागे चालतात.

यावर उपाय दोन. दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरला हो म्हणायच्या दिवशीच पुरवठादाराकडून तेवढ्या तेलाचा भाव लेखी बांधून घ्या, थोडा अ‍ॅडव्हान्स द्यावा लागला तरी. आणि दुसरा पुरवठादार तयार ठेवा. नुसता नंबर सेव्ह करून नव्हे. त्याच्याकडून महिन्याला दोन-चार डबे घेत राहा, म्हणजे त्याच्या तेलात तुमचा माल कसा होतो हेही कळतं आणि ओढाताणीच्या दिवसांत तो तुम्हाला ओळखतो.

तळणाचं तेल किती वेळा वापरायचं यावर वेगळा व्हिडिओ येतोय, म्हणून इथे थोडक्यात: कढईतल्या तेलात टोटल पोलर कंपाउंड २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकायचं, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. तळणासाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागत असेल तर नोंदवही ठेवावी लागते आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं.

राहिले रिकामे डबे. पत्र्याचा एकदा वापरलेला डबा खाद्यतेल भरायला परत वापरता येत नाही, नियमातच आहे. तरी नामांकित ब्रँडच्या चांगल्या डब्यांना भंगारात जास्त भाव का मिळतो, याचा विचार करा. म्हणून डबा द्यायच्या आधी तळाला खिळ्याने दोन भोकं पाडा आणि बॅचचा स्टिकर फाडून टाका. भंगारवाला पाच-दहा रुपये कमी देईल, देऊ दे.